शेगडीची कमिटी

अगं, आमच्याकडे शेगडी घ्यायची ठरली, तर बाबांनी चक्क कमिटी नेमली! गुरुग्रामच्या नव्या फ्लॅटमध्ये गॅस घ्यायचा की इंडक्शन, एवढाच प्रश्न. मेंबर दोन: बाबा आणि काका. दोघंही सरकारी नोकरीतून रिटायर झालेले, आणि दोघांनीही जन्मात कधी चहा केलेला नाही.

आई म्हणाली, "मला इंडक्शन हवं. जूनमध्ये त्या जाळापाशी उभं राहवत नाही."

काका म्हणाले, "वहिनी, विजेवर भाकरी फुगत नाही."

"भावजी, तुम्ही कधी फुगवली?"

"पॉइंट नोट केला," असं म्हणत बाबांनी कागदावर लिहिलं: गॅस मंजूर.

माझं डोकंच फिरलं. "बाबा, स्वयंपाक आई करते. तिला मत नाही?"

"ती युजर आहे, बेटा. निर्णय अनुभवी माणसांनी घ्यायचा असतो."

"अच्छा! मग आजचा चहा अनुभवी माणसंच करतील."

गेले दोघं स्वयंपाकघरात, आमच्या जुन्या गॅसपाशी. बाबा बटण फिरवतायत, काका लायटर खटखटवतायत, पण गॅस काही पेटेना. शेवटी घामाघूम झालेले बाबा म्हणाले, "या गॅसचं काही खरं नाही. इंडक्शनच घेऊ."

आता, स्वयंपाक झाला की आई सिलेंडरचा रेग्युलेटर बंद करते. रोज, गेली तीस वर्षं. मी तो चालू करायला वाकले, तर तिने हळूच माझा हात धरला.

"थांब गं. आधी त्यांची सही होऊ दे."