वारा सरेपर्यंत

पिंपरीच्या दवाखान्यात बाकावर बसलेल्या मृदुलाच्या कानावर नर्सबाई आणि एका सुनेचं बोलणं पडत होतं.

"ऑपरेशनला तीन दिवस झाले. सासऱ्यांचा वारा सरला?"

"न्हाई बाई. पोट टम्म हाय."

"तो सरल्याशिवाय पाणी देता येत नाही. आतडं तर गुरगुरतंय. त्याला कुणाचा हुकूम लागत नाही, आपोआप चालतं."

"मग अडलंय कुठं?"

"शेवटचं दार तेवढं माणसाच्या हातात असतं. उशाशी कोण बसतं?"

"मीच. धनी शिफ्टला जात्यात. डोईवर पदर घिऊन बसती."

"आणि ते?"

"दात आवळून पडत्यात."

"तुमच्यासमोर कसं व्हायचं त्यांचं?"

"आगं बया! मग मी हितंच भाईर बसती."

घटकाभरानं आतून कंपनीचा भोंगा व्हावा तसा आवाज आला. मृदुला घाईनं खिडकीबाहेर बघू लागली.

"बाई, आता पाणी चालंल न्हवं? तुमीच पाजा. अन् म्हणावं, सून खाली चहाला गेलीया."