दारातली चाळीस रोपं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष अंकल मासाओ, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांना आज निरोप द्यायचा त्या आपल्या सर्वांच्या गुरू कुमू नोहेआ, आणि चटयांवर दाटीवाटीनं बसलेल्या अंकल-आंटींनो, मुलांनो, अलोहा.

एकतीस वर्षं कुमूंनी हे कलाकेंद्र चालवलं. हुला नाचाची पहिली पावलं शिकवण्याआधी त्या जंगलात कसं शिरायचं ते शिकवतात. कडेला उभं राहून, गाऊन परवानगी मागायची आणि मग गप्प थांबायचं. मी विचारलं होतं, "किती वेळ?" म्हणाल्या, "तुझी घाई संपेपर्यंत." पाऊण तास भिजत उभं केलं मला. हसताय काय? तुमच्यातले निम्मे तसेच उभे राहिलेत.

तर, फेब्रुवारीत मी बेटाच्या पुना भागात मेव्हण्याकडे ओहियाची मेलेली झाडं तोडायला गेलो होतो. ती कशानं मेली ते मी काय सांगावं? बुरशी एकदा खोडात शिरली की अख्खी राई करपते, आणि ती करवतीवरून, मातीतून पसरते. तिथून आलो तो थेट इथल्या मागच्या अंगणात. आपल्या जुन्या ओहियाची फांदी छपराला टेकली होती. मी परवानगी मागितली, अगदी सुरात, आणि थांबलो नाही, फांदी कापली. जेवण निवत होतं. थांबलो असतो तर हातातली न धुतलेली करवत दिसली असती, बुटांवरची पुनाची माती दिसली असती.

गेल्या महिन्यात त्या फांदीशेजारची पानं तपकिरी झाली. लाकडाचा तुकडा हिलोच्या प्रयोगशाळेत तपासायला दिलाय, निकाल सोमवारी. भीती वाटते, दुसरं काही नाही.

सकाळी अंकल मासाओंना सांगितलं. ते म्हणाले, "आजचा दिवस गोड होऊ दे रे. सोमवारी बोल."

"अंकल, सोमवारी रोपं घरोघरी गेलेली असतील."

हातातली टोपी फिरवत ते म्हणाले, "बोल बाबा. तू शिव्या खाशील तेव्हा मी शेजारी बसतो." म्हणून आज ते एवढे गंभीर दिसताहेत.

दारातली ती चाळीस रोपं कुमूंनी त्याच झाडाखालच्या मातीत वाढवलीत, प्रत्येक घरात आपली आठवण राहावी म्हणून. परवा कुमू लेकीकडे लास वेगासला जातील, आणि मी हात जोडून सांगतोय की त्यातलं एकही रोप उचलू नका. ब्रश आणि स्पिरिट पायरीवर ठेवलंय. चपला घासल्याशिवाय कुणी गाडीत बसू नका. कुमू, उठू नका, मला संपवू द्या.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. शेवटी चूकभूल पोटात घाला म्हणायची रीत आहे, आणि मीही दरवर्षी ती सहज पाळत आलो. उद्यापासून हे केंद्र माझ्या हाती द्यायचं ठरलंय. कुमू, अजूनही द्यायचं का, ते तुम्ही सांगा. मी विचारलंय. या वेळी उत्तर येईपर्यंत इथेच उभा राहतो.