आधी तीन, मग दोन

त्या नव्या अल्बमसारखा आवाज हवाय? तुमच्या या कोंगाला? — ठेवा, बाकावर नको, खाली ठेवा. नवं कातडं चढवून देतो, पण असलं काही मागू नका. ऐकलाय मी — म्हणजे कानावर पडलाय. आफ्रोबीट घ्या, वर लॅटिन ताल ओता, सोल म्हणून गळा काढायला एक बाई उभी करा — झाला अल्बम! ट्रम्पेटवाले तर असे फुंकतायत, जणू चूल पेटत नाहीये. आणि चौथं गाणं — तेच आवडलं ना? वाटलंच. अहो, उलटं आहे ते! पाच ठोके असतात, आधी तीन, मग दोन. हा शहाणा कोंगावाला आधी दोन वाजवतो, मग तीन. दुसऱ्या मिनिटाला ट्रम्पेट थांबतात ना, तिथे उघडं पडतं सगळं. — नाही हो, पाठ कशाला असेल? वीसेक वेळा ऐकलं असेल फार तर.

कोंगावाला? धाकटा भाऊ माझा. माझ्याच बँडमध्ये होता. एकदा गाण्याची सुरुवात त्याला दिली, पहिल्यांदाच, तर भर कार्यक्रमात असंच उलटं. सगळे अडखळले. मी माइकवरूनच म्हटलं — तुला ताल कळत नाही, ऊठ. उठला. सहा वर्षं झाली. तोंड उघडायचं की नाही माणसानं! म्हणायचं, दादा, तूच असं शिकवलंस. — हो, मीच. घरात एकच रेकॉर्ड, सुरुवातीलाच चरा पडलेला. मी सुई चऱ्याच्या पुढे ठेवायचो, ती पडायची थेट दोन ठोक्यांवर, आणि तिथूनच त्याला 'एक' मोजायला लावायचो. पुढे बँडवाल्यांत मी सुधारलो, त्याला सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे — विसरलोच. परवा ते गाणं ऐकलं तेव्हा आठवलं. जेवण गेलं नाही मला.

आणि आता कव्हरवर छापतो, 'हा ताल दादाने शिकवला.' टोमणा आहे, सरळ टोमणा! — नसेल? मग शनिवारच्या कार्यक्रमाचा पास कशाला पाठवला? पहिल्या रांगेतला! माझ्या तोंडावर उलटं वाजवायला, दुसरं काय? — बघताय काय असे? जाऊन म्हणू काय त्याला? सांगा ना, तुम्हाला फार कळतं संगीतातलं — काय म्हणू?

राहू द्या. कोंगा सोमवारी न्या. — नाही, शनिवारी नाही, शनिवारी दुकान बंद. निघा आता.