परतीच्या मालाची चॉकलेट बर्फी

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या हलवाई मंडळाचे सर्वेसर्वा मडिवाळप्पाअण्णा बिरादार, वेळात वेळ काढून आलेले तहसीलदार साहेब, ज्यांची बदली नांदेडला झाली म्हणून आपण इथं जमलो ते अन्न निरीक्षक देविदासराव टोंपे साहेब, व्यासपीठावरची इतर मंडळी, आणि समोर बसलेल्या माझ्या हलवाई बांधवांनो, माता-भगिनींनो!

मी नरसिंग हाळे. गंजगोलाईत माझं मिठाईचं दुकान आहे. साहेबांबद्दल चार शब्द बोलण्याची जबाबदारी अण्णांनी माझ्यावर टाकली. म्हणाले, ‘नरसिंगराव, तुमचा आवाज मोठा हाय, मागच्यालाही ऐकू जाईल.’ तर मागच्यांनीही ऐकावं.

लातूर जिल्हा झाला तेव्हा आपण बाजारात फुकट पेढे वाटले होते. आठवतं ना? त्याआधी नमुने घ्यायला साहेब लोक उस्मानाबादेहून यायचे. जीप औशाला दिसली की इथं शटर खाली. आता कचेरीच गावात आली. आम्हाला वाटलं, आता धंदा सुधारेल, भेसळीला आळा बसेल. काय सुधारलं? जीपऐवजी आधी फोन येतो, एवढंच सुधारलं. हसू नका. मला हसू येत नाही.

जिल्ह्याबरोबर साहेब लोकांची बिऱ्हाडं आली. त्यांच्या मुलांचे वाढदिवस आले, आणि वाढदिवसाला चॉकलेटचं गोड हवं, हा नवा रिवाज आला. आपल्या बाजारात त्याआधी चॉकलेट म्हणजे बरणीतली गोळी. आणि नेमकं तेव्हाच पाऊस गेला. पाणी टँकरचं, जनावरं छावणीवर, दूध पातळ. लग्नं निघाली ती चार माणसांत. आता आपल्या धंद्याची एक जुनी रीत आहे, ती तहसीलदार साहेबांना ठाऊक नसेल. लग्नघरी जेवढा माल नेतात, त्यातला उरलेला दुकानदार परत घेतो. चांगल्या वर्षी पाटीभर येतो, तो गरिबाला वाटून टाकायचा. दुष्काळात पाट्याच्या पाट्या परत आल्या. पाहुणेच जेवायला आले नाहीत, तर लाडू खाणार कोण?

त्या लाडू-पेढ्यांचं काय झालं, सांगू? अण्णा, सांगतो, आज सांगतोच. आंबूस वास सुटलेला माल दगडी उखळात कुटला, वनस्पती तुपात परतला, त्यात कोको पावडर घातली, वर वर्ख लावला, आणि काचेत मांडला. चॉकलेट बर्फी! काळपट रंगात बुरशी दिसत नाही आणि कोकोच्या वासात आंबूस वास लपतो. मी एका कारखान्यात हे डोळ्यांनी पाहिलं आणि दारात येऊन ओकलो. चाळीस वर्षं कढईसमोर बसलेला माणूस मी. मला गोडाची किळस येईल असं कधी वाटलं नव्हतं. ज्या मुलांच्या वाढदिवसाला हे पुडे गेले, त्यांच्या आईबापांना काय ठाऊक?

माइकवाले, तार ओढू नका. अजून संपलं नाही.

बसस्थानकासमोर जगदेवीचं दुकान होतं. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं उभं केलेलं. घरचं दूध आटवून ती चॉकलेटच्या वड्या करायची. संध्याकाळी कॉलेजची पोरं रांग लावायची. आपल्या बर्फीला गिऱ्हाईक कमी आणि हिच्याकडं रांग, हे मंडळाला बघवेना. अण्णांचा माणूस परतीच्या मालाचा चुरा घेऊन तिच्याकडं गेला. ‘तुझ्या नावावर खपंल, अर्धा नफा तुझा.’ ती म्हणाली, ‘तसली घाण माझ्या कढईत पडणार न्हाई. उचला अन् चला.’ मी बाजूच्या पानपट्टीवर उभा होतो, सगळं ऐकलं.

त्याच आठवड्यात टोंपे साहेब तिच्या दारात. फोन न करता! साहेबांनी तिच्या खव्याचा नमुना घेतला, बाटल्या सीलबंद केल्या. खव्यात स्निग्धांश कमी, असा निकाल आला. आता मला सांगा, ज्या म्हशीला चारा नाही, तिच्या दुधाला साय कुठून येणार? कायद्याच्या पुस्तकात दुष्काळ लिहिलेला नाही. त्या महिन्यात माझा खवा तपासला असता तर तोही नापास झाला असता. पण निदान आमच्या खव्यात दूध तरी होतं. ज्या बर्फीत काय काय होतं ते देवालाच ठाऊक, तिचा नमुना साहेबांनी आजवर एकदाही घेतला नाही. का घेतला नाही, साहेब?

जगदेवीचा परवाना गेला, दुकानाला कुलूप लागलं, वर खटला. सोमवारी तारीख आहे. शिक्षा झाली तर तुरुंग, आणि घरात दोन लेकरं. या मंडळानं बैठक घेऊन ठरवलं, की तिच्या बाजूनं कुणी हलवायानं कोर्टात उभं राहायचं नाही. सगळ्यांनी हात वर केले. नंतर सगळ्यांनी चहा घेतला. शिसारी आली मला त्या बैठकीची. मी हात वर केला नव्हता, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मागच्या गुरुवारी तिची चौकशी करायला तिच्या घरी गेलो. पाहतो तर चुलीवर कढई आणि वड्यांचं ताट भरलेलं. मी म्हणालो, ‘पोरी, खटला चालू असताना हे काय?’

‘काका, टोंपे साहेबाच्या लेकीचा साखरपुडा हाय. बाईसाहेब सोता येऊन सांगून गेल्या. न्हाई कसं म्हणू? वाटलं, साहेब जरा नरमतील.’

‘बाजारात एवढी दुकानं असताना तुझ्याकडं कशा आल्या?’

‘त्याच म्हणाल्या की. म्हणल्या, बाजारातली चॉकलेट बर्फी आमच्या घरात कुणी खात न्हाई. साहेबांनीच मनाई केली हाय.’

एवढ्यात साहेबांचा शिपाई डबा न्यायला आला. त्याच्या हातात तो डबा मी स्वतः दिला. ज्या बाईचा माल माणसानं खाण्यालायक नाही म्हणून साहेबांनी सही केली, तोच माल त्यांनी आपल्या व्याह्यांपुढं ठेवला. आणि तुमची-आमची लेकरं जे खातात, ते स्वतःच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. थुंकावंसं वाटतं, पण सभागृह दुसऱ्याचं आहे.

अण्णा, ही शाल माझ्या हातानं साहेबांना घालायची ठरली आहे. ती मी घालणार नाही, इथंच टेबलावर ठेवतो. सोमवारी मी जगदेवीच्या बाजूनं साक्षीला उभा राहणार आहे. मंडळानं मला काढून टाकलं तरी चालेल. नवे साहेब येतील ते पहिला नमुना माझ्याच दुकानाचा घेतील, हेही मला कळतं. घेऊ द्या.

सभागृह दिल्याबद्दल ट्रस्टचे, पाण्याची इतकी टंचाई असताना पाहुण्यांसाठी माठ भरून ठेवणाऱ्या भगिनींचे आणि इतका वेळ उठून न गेल्याबद्दल आपल्या सगळ्यांचे आभार. म्हातारपणी आवाज चढला असेल, कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर क्षमा असावी.

टोंपे साहेब, नांदेड काही लांब नाही. कोर्टाचं बोलावणं आलं की यालच. येताना बाईसाहेबांनाही घेऊन या. त्यांची साक्ष माझ्यापेक्षा भारी ठरेल.