लॉक लावून देणारा दादा

दवाखान्यात माझ्या शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या. थोरलीची शाळकरी मुलगी तिला अगदी चिकटून बसली होती.

“ताई, काय झालंय गं हिला?”

“जेवत नाही, झोपत नाही. फोन वाजला की दचकते.”

“मग काढून घे ना फोन!”

“अगं, मुलं कुठे आहेत, काय बघतात यावर लक्ष ठेवणारं लॉक लावलंय त्याला. नको ते काही दिसतच नाही.”

“तुला जमलं ते?”

“मला कुठलं जमतंय! हिच्या गेममधला एक दादा आहे, त्यानेच सांगून लावून घेतलं. पासवर्डही त्याच्याकडेच. फार काळजी करतो हिची.”

“पाहिलंयस कधी त्याला?”

“नाही बाई. पण त्याचं बारीक लक्ष असतं. हा बघ, आत्ताच मेसेज आलाय, ‘हिला दवाखान्यात कशाला नेलंय?’”

“तू कळवलंस त्याला?”

“मी कशाला कळवू?”