नानांच्या गाऱ्हाण्याचं शूटिंग

आडवा धरा! आडवा धरा म्हणे! अहो, धरला ना आडवा! मोबाइल आडवा धरला, काच रुमालाने पुसली, कोपरं बरगड्यांना चिकटवली, श्वास रोखला... हो, श्वासपण रोखायचा असतो, तुम्हाला माहीत नसेल, मलाही नव्हतं! आणि एवढं करून व्हिडिओत काय आलं? पंखा! आमच्या लालबागच्या खोलीतला छताचा पंखा! आता यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा!

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हीपण आमच्या सुनेत्रासारखे नुसते हसाल. बायको आहे ती माझी, हसायचा हक्क आहे तिला, तुम्हाला नाही. तर, आमच्याकडे गणपतीत आरती झाली की माझे वडील, नाना, गाऱ्हाणं घालतात. देवासमोर उभं राहून घरातल्या एकेकाचं नाव घेऊन मागणं मागायचं, आणि प्रत्येक मागण्याला आम्ही सगळ्यांनी हात जोडून 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. मी बोबडं बोलत होतो तेव्हापासून म्हणतोय. आता मुलगी माझी, आकांक्षा, तिकडे डब्लिनला. नवी नोकरी, रजा नाही. म्हणून गेल्या वर्षी मी शूटिंग करून पाठवलं. तर काय म्हणाली? "बाबा, यात नानाआजोबांचं धोतर आहे आणि तुमचा अंगठा आहे. बाकी काहीच नाही."

बोला! बापाचा अंगठा दिसला तर आनंद मानावा की नाही?

पण या वर्षी नानांनी बॉम्बच टाकला. म्हणाले, "जयवंता, फुडल्या वर्सापासना गाऱ्हाणा तू घाल. माका आता दम पुरना नाय." झालं! म्हणजे हे शेवटचं. आणि पोर तिकडे फोनवर रडायला लागली, "बाबा, प्लीज, या वेळी नीट काढा, मला आजोबांचं तोंड दिसू दे." मग काय, आलं माझ्या अंगावर!

शेजारची श्रेया कॉलेजात हेच शिकते, तिला पकडलं. ती म्हणजे... बापरे! "काका, झूम करायचं नाही, पुढे चालत जायचं. काका, उजेड चेहऱ्यावर हवा. काका, पंखा बंद करा, त्याची घरघर रेकॉर्ड होते. काका, ट्रायपॉड घ्या ना, स्टँड असतो तो." मी म्हटलं, स्टँड? देवाने हे दोन हात कशाला दिलेत मग? आता यात माझं काय चुकलं?

सरावाला गेलो शिवाजी पार्कात. सकाळची फिरायला आलेली मंडळी, म्हटलं बरी आहेत, चालतायत, उजेड छान आहे. तर एक गृहस्थ, पांढरे बूट, कडक इस्त्री, थेट समोर येऊन उभे, "क्षमा करा, आमचं शूटिंग करताय, आपण कोणत्या पक्षाचे?" म्हटलं, "मी लालबागचा." "तो पक्ष नाही." अहो, मी शिकतोय! माणसाने या वयात काही शिकूच नये का?

बरं, आला गणपतीचा दिवस. खोलीत माणसं खच्चून, पंखा बंद, सगळे घामाने निथळतायत आणि माझ्याकडे खाऊ का गिळू असे बघतायत. नाना देवासमोर उभे, आणि उजेड सगळा पाठीमागून, दारातून! तोंड काळंठिक्कर. मी हळूच म्हटलं, "नाना, जरा दाराकडे तोंड करून..." नाना वळले माझ्याकडे, "देवाक पाठ दाखवू? तुज्या मोबाइलासाठी?" संपलं. मग मीच मखरात घुसलो. एका बाजूला देव, एका बाजूला मी, पोटाला समईची वात लागेल या भीतीने श्वास आपोआपच रोखलेला. पण मखरातल्या दिव्यांचा उजेड नानांच्या तोंडावर काय पडला म्हणून सांगू! एकेक सुरकुती दिसत होती. मलाच भरून आलं.

नानांनी सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरां तुझ्या पायाशी उभी हत, तेंची सेवा मान्य कर रे म्हाराजा!" आणि सगळी खोली गरजली, "व्हय म्हाराजा!"... आणि माझे हात जोडले गेले! मोबाइलसकट! कॅमेरा थेट छताकडे! अहो, मी जोडले नाहीत, ते जोडले गेले! सवयच तशी! पुन्हा आडवा धरला, पुन्हा मागणं, पुन्हा 'व्हय म्हाराजा', पुन्हा पंखा. स्वतःला सांगत होतो, जयवंता, आता नाही हां हलायचं! आणि नाना म्हणाले, "आमचा आकांक्षा परमुलकात एकटा ऱ्हवता, तेका संभाळ रे म्हाराजा," आणि त्यांचा आवाज फाटला... आता सांगा, या मागण्याला हात न जोडणारा बाप असतो का? असेल तर आणा, बघू द्या मला! मी तर पार डोक्यावर नेऊन जोडले.

संपल्यावर म्हटलं, "नाना, एकदा परत?" म्हणाले, "कित्याक? देवाक काय कमी ऐकाक येता?"

पाठवलं तसंच. दुसऱ्या दिवशी फोन आला, भलत्याच नंबरावरून. आकांक्षाच! म्हणाली, "बाबा, काय क्लिअर आलंय! पंख्यावरची धूळसुद्धा दिसते."

"टोमणे मारतेस?"

"नाही हो! आजोबांचं तोंड दिसलं, माझं नाव घेताना दिसलं. किचनमध्ये उभी राहून बघत होते. तुम्ही सगळे ओरडलात, मग मीपण जोरात म्हटलं, व्हय म्हाराजा..."

"मग?"

"मग काय, हात जोडले! फोन गेला खाली फरशीवर. स्क्रीनचा चुरा. मैत्रिणीच्या फोनवरून बोलतेय." आणि वर मलाच दम देते, "ते काही नाही बाबा, आता स्टँड घ्याच. दोन घ्या. एक तुम्हाला, एक मला!"

म्हटलं, व्हय म्हाराजा!