गडग्यापलीकडची ओ

बाबली: ...आणि मगे काकी, डुकर बोललो.

सत्यवती: आदी चाय पी मेल्या.

बाबली: माणसासारखो बोललो. "चाय निवता, उठा बघूया," म्हटल्यान. माझा बोट चापार होता!

नम्रता: थांबा, थांबा. मी आत डबा भरत होते, अर्धंच ऐकलं. कुठलं डुक्कर? नीट सांगा बाबलीदादा.

बाबली: आज सकाळी, वैनी. उजाडता उजाडता. तुमच्या काजीच्या बागेत, मांगराच्या खोपीमागे मी दबान बसलेलंय. डुकरांनी माझो भुईमूग नांगरल्यासारखो उलटो केल्यानी, म्हणान डोक्यात राग. आणि समोर झाडीत कायतरी काळा, वाकान वाकान चलताहा. डुकर कसो जमीन हुंगीत येता, तसा.

सत्यवती: खाली पडलेल्यो काजी पुंजावतलंय तर वाकूचा नको? तुमच्यात काय उभ्यान पुंजावतत?

नम्रता: म्हणजे तुम्ही आमच्या आईंवर बंदूक रोखलीत?

बाबली: डुकरार रोखलंय वैनी. निघाली काकी.

नम्रता: हसू नका आई! झालं. उद्यापासून बाग बंद. यंदाच्या काजूला गडी लावू. हे संध्याकाळी देवगडहून आले की मी सांगणार आहे त्यांना.

सत्यवती: सांग. झिलाक सांग, गावाक सांग. बागेत मी जातलंय. पण आदी ह्या बाबल्याक माका एक विचारूचा आसा. काय रे, मी बागेच्या दगडांच्या गडग्यार उभी रवान कुकारो घातलंय. तुका आयकाक इलो?

बाबली: इलो.

सत्यवती: मगे ओ कित्याक दिलंस नाय?

नम्रता: कुकारो म्हणजे ते कूऽऽ? ते तर मी रोज सकाळी ऐकते. मला वाटायचं, तुम्ही वानरं हाकलता.

सत्यवती: लग्न होवन इतकी वर्सा झाली, आणि सासू वानरांशी बोलता असा वाटताहा हिका! अगो, शिमगो सरलो काय रानात बंदुकी फिरूक लागतत. आजच्या नाय, माझ्या सासूच्या काळापासून. म्हणान ही रीत. बागेच्या गडग्यार उभा रवाचा आणि कूऽऽ करून कुकारो घालूचो. भितर राखणीक नायतर पारधीक कोणतरी आसताच, तो ओ देता. ओ इली म्हणजे समजाचा, तेना बंदूक खाली ठेवल्यान. मगेच गडगो ओलांडूचो. ओ नाय, तर पाय पुढे घालूचो नाय.

बाबली: काकी, तेव्हा पारध उघड होती. गावच्या गाव जाय. आता शिकारीक बंदी. माझी बंदूक शेत राखूची, डुकर मारूची नाय. ओ दिली तर सगळ्या वाडीक कळाचा, भितर कोण बसलो तो. म्हणान गप रवलंय.

नम्रता: वा! स्वतः लपायचं, आणि म्हातारं माणूस समोर आलं तर?

बाबली: येतला असा वाटला नाय, वैनी, आईशपथ. ओ मिळाली नाय म्हणजे काकी मागे फिरली, असाच धरलंय. ओ नसताना गडगो ओलांडणारो माणूस आमच्या वाडीत माका म्हायत नाय.

सत्यवती: मी ओलांडतंय.

बाबली: कधीपासून?

सत्यवती: हे गेले तेव्हापासून.

नम्रता: आई...

सत्यवती: राखणीक हे रात्री मांगरात निजत. सकाळी मी चाय घेवन निघालंय, काय गडग्यारसून कुकारो. भितरसून ह्यांची ओ. घरात ह्या माणसाच्या तोंडातसून धड चार शब्द निघूचे नाय. पण थंयसून ओ अशी देत, काय सगळी भरड, सगळो डोंगर वाजाक लागा. एकदा ओ मिळाली तरी मी मुद्दाम परत कुकारो घालीन. मगे हे चिडत. "बहिरी झालंस काय गो?" म्हणत.

बाबली: तां आमच्या अंगणापर्यंत आयकाक येय, काकी. माझी आवस हसा.

सत्यवती: हे गेल्यार पयल्यांदा गेलंय, तेव्हा गडग्यार उभी रवलंय. कुकारो घातलंय आणि वाट बघलंय. ऊन डोक्यार इला. मगे म्हटलंय, आता ही ओ येवची नाय. म्हणान काय बाग सोडूची? घातलंय पाय पुढे.

नम्रता: आणि चहा? तो अजून कुणासाठी नेता?

सत्यवती: मांगराच्या पायरीर ठेवतंय. हाक मारतंय. मगे मीच पितंय. साखर काय फुकट येता?

नम्रता: ...ठीक आहे. बाग बंद नाही करत. पण बागेत पांघरून जाता ते काळं कांबळं आधी टाका.

सत्यवती: ह्यांच्या कांबळ्याक हात लावलंस तर बघ.

नम्रता: मग त्याच्यावर जाकीट घालायचं. नांदगावला हायवेवरची माणसं घालतात ना, तसलं नारिंगी, चमकणारं. आणते मी.

सत्यवती: शिमग्याचा सोंग दिसतलंय मी!

बाबली: सोंग दिसा काकी, पण डुकर दिसा नको.

नम्रता: तुम्ही बोलू नका. तुम्ही काय करणार ते सांगा.

बाबली: मी शिकारीक बसूचंय नाय. डुकर इले तर वरती बार काढीन, पळतीत. पण वैनी, माझ्या एकट्यान भागाचा नाय. भायले लोक जीपी घेवन येतत. तेंका कुकारो म्हणजे काय ता ठावक नाय. म्हणान असा करूया. काजी सरापर्यंत रोज मी आदी जावन सगळी बाग बघीन. कोण नसलो तरच मांगरात बसान ओ दीन. ओ नाय, तर काकीन घराक परत येवचा.

सत्यवती: तू रे कित्याक इतको त्रास घेतंस?

बाबली: काकी, सकाळपासून डोळे मिटले काय ता बोट चापार दिसताहा. घेवंदे.

नम्रता: आणि मीही येणार. शाळेला वेळ असतो मला. एकटीनं जायचं नाही.

सत्यवती: तू येतलंस? कुकारो घालूक येता तुका?

नम्रता: शिकवा.

(दोन दिवसांनी, सकाळी. बागेच्या गडग्यापाशी सत्यवती आणि नम्रता.)

नम्रता: कू.

सत्यवती: ह्या काय? वर्गात हजेरी घेतंस? पोटातसून काढ.

नम्रता: कूऽऽ!

सत्यवती: पडसा झालेल्या कोंब्यासारखा इला. पण चलात. आता गप रव. आयक.

बाबली: (लांबून) ओऽऽऽ!

नम्रता: आली! आई, ओ आली! चला, द्या हात.

सत्यवती: रव.

नम्रता: का? कुणी दिसलं का?

सत्यवती: नाय गो.

नम्रता: मग? ओ मिळाली की.

सत्यवती: मिळाली. आता एकदा मी घालतंय. कूऽऽऽऽ!

बाबली: (लांबून) ओऽऽऽ! बहिरी झालास काय, काकीऽऽ?

नम्रता: काय पण हा माणूस... आई? आई, बरं वाटत नाही का? बसता जरा?

सत्यवती: बसूचा कित्याक? चल. चाय निवता.